चलनातल्या नाण्यांची साठवण: कमी खर्चात आणि नागपूरच्या हवेत टिकेल अशी

चिल्लरीतून वेगळी काढलेली, आजीच्या गाठोड्यात सापडलेली, जुन्या बाजारातून किलोच्या भावाने आणलेली नाणी एकदा शे-दोनशेच्या पुढे गेली की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न येतोच. बहुतेक नवे संग्राहक इथे एकच गोष्ट करतात: रेक्झिनच्या कव्हरचा, गुळगुळीत पारदर्शक कप्प्यांचा देखणा अल्बम विकत घेतात. बहुतांश नुकसानीची सुरुवात तिथूनच होते.

वापरून झिजलेल्या नाण्याला नव्याकोऱ्या नाण्याएवढे लाड लागत नाहीत. त्यावर आधीच ओरखडे आहेत, आणखी एक बारीक चरा पडल्याने फार बिघडत नाही. पण गंज, हिरवी बुरशीसारखी पूड आणि प्लास्टिकचा चिकट थर या तीन गोष्टी झिजलेल्या नाण्यालाही तितक्याच खातात. म्हणून पैसा अल्बमच्या दिखाव्यावर घालू नका. चांगलं प्लास्टिक, हवाबंद डबा आणि कोरडेपणा यांवर घाला.

नागपूरच्या हवेचा हिशेब

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गच्चीखालच्या खोलीतली आलमारी रात्रीही गरम लागते. त्याच दिवसांत घरोघरी कूलर चालू असतो. बाहेरची हवा कोरडी ठक्क असली तरी कूलरच्या खोलीत ती ओलसर असते, आणि दारं-खिडक्या नीट उघड्या नसतील तर कपडेसुद्धा दमट लागतात. म्हणजे आपल्याकडे नाण्यांचा पावसाळा जूनमध्ये नाही, एप्रिलमध्येच सुरू होतो. उष्णतेने खराब प्लास्टिकमधली रसायनं लवकर सुटतात आणि ओल धातूवर काम करते. हे दोन्ही एकाच वेळी घडण्याचे दोन-अडीच महिने इथे दरवर्षी येतात.

त्यामुळे नाणी पॅक करायला फेब्रुवारी ते मार्चचे दिवस सगळ्यांत चांगले. थंडी सरलेली असते, कूलर अजून उतरवलेला नसतो, हवा कोरडी असते. डब्यात जी हवा बंद होते तीच आत राहते, म्हणून हा मुहूर्त पाळण्यासारखा आहे. जुलै-ऑगस्टमध्येच पॅक करायची वेळ आली तर एसीच्या खोलीत, दुपारी, खोली तासभर थंड झाल्यावर करा.

पहिली पायरी: तीन ढीग

टेबलावर जुना सुती टॉवेल पसरा, म्हणजे हातून सुटलेलं नाणं आपटणार नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नाणं कडेने धरा. झिजलेल्या नाण्यांना हातमोज्यांची गरज नाही, घामट बोटं मात्र नकोत.

पहिल्या ढिगात प्रत्येक मूल्याचं, सालाचं आणि टाकसाळीचं सर्वांत चांगलं एकेक नाणं. टाकसाळ सालाखालच्या खुणेवरून कळते: मुंबईचा पत्त्यांतल्या चौकटीसारखा आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूण नसते. दुसऱ्या ढिगात जास्तीची, म्हणजे डबल नाणी. तिसऱ्यात चांदी आणि जी खरोखर दाम मोजून घेतली ती. ब्रिटिशकालीन रुपये इथे नीट पाहा: १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मी चांदी आहे, त्याआधीच्यांत ९१.७ टक्के, आणि १९४६-४७ चा रुपया निकेलचा. निकेल चुंबकाला चिकटतं, चांदी चिकटत नाही, त्यामुळे दहा सेकंदांत निकाल लागतो.

ही वाटणी झाली की खर्च आपोआप निम्म्यावर येतो, कारण प्रत्येक ढिगाला वेगळी आणि वेगळ्या किमतीची साठवण पुरते. वीस रुपये किमतीच्या नाण्याला तीस रुपयांची कॅप्सूल, म्हणजे कडक प्लास्टिकची गोल डबी, घालण्यात अर्थ नाही.

याच वेळी धातूही वेगळे करा. ॲल्युमिनियमचे जुने १, २, ३, ५, १० आणि २० पैसे तांब्या-पितळेच्या नाण्यांसोबत एका पन्नीत ठेवू नका. ओल मिळाली की दोन धातूंमध्ये विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरे खड्डे पडतात. ते खड्डे कशानेही भरून येत नाहीत.

दुसरी पायरी: धुवायचं की नाही

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही नाही. चकाकी येते आणि नाण्याचा वरचा थर जातो. जाणता संग्राहक असं नाणं लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो. तांब्यावरचा एकसारखा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, ते त्या नाण्याचं संरक्षण आहे.

मोकळी माती, हळद-कुंकू, तेलकट थर एवढंच काढायचं. देवघरातून आलेल्या नाण्यांवर हे हमखास असतं, आणि तेल-कुंकवासकट डब्यात गेलेलं नाणं आतल्या आत डागतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी काचेच्या वाटीत घ्या, त्यात हँडवॉशचा एक थेंब टाका आणि नाणं दहा मिनिटं बुडवून ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातून दोनदा काढा. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन आणि क्षार नाण्यावर सुकतात. घासू नका, सुती कापडात दाबून टिपा. नंतर किमान एक रात्र पंख्याखाली कोरडं होऊ द्या. कडेच्या खाचांमध्ये पाणी अडकून राहतं; कापडाने टिपून लगेच होल्डरमध्ये (नाणं ठेवायच्या पुठ्ठ्याच्या कार्डात) घातलेल्या नाण्याला पहिल्याच पावसाळ्यात कडेपासून डाग धरतात.

तिसरी पायरी: प्लास्टिक पारखा

सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. स्वस्त अल्बमची आणि मऊ पाउचची पानं बऱ्याचदा मऊ पीव्हीसीची असतात. पीव्हीसीला मऊ ठेवायला त्यात तेलकट रसायन मिसळलेलं असतं. काही वर्षांनी ते बाहेर झिरपतं आणि प्लास्टिकमधला क्लोरीन आम्ल होऊन तांब्यावर उतरतो. नाण्यावर हिरवट, चिकट, बोटाला लागणारा थर दिसला की समजायचं की पानाने नाणं खायला घेतलं. उन्हाळ्यात हे फार लवकर होतं. तांबं, कांसं, पितळ आणि क्युप्रोनिकेल (तांबं आणि निकेलचं मिश्रण) सगळ्यांना त्याचा त्रास होतो.

दुकानदार 'चांगला माल आहे' म्हणेल, त्याचीही फसवणूक झालेली असू शकते. म्हणून परीक्षा स्वतः घ्या. एक पान किंवा एक पाउच नमुना म्हणून आणा.

आधी वास. नव्या रेनकोटाचा किंवा प्लास्टिकच्या टेबलक्लॉथचा जो उग्र वास येतो तोच आला, तर ते पान परत करा.

मग पाणी. नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा बोटाने पूर्ण बुडवून सोडा. साबण नसेल तर तुकड्याला चिकटलेले बुडबुडे त्याला तरंगत ठेवतात आणि उत्तर चुकतं. तुकडा वर आला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन. दोन्ही नाण्यांना चालतात. तळाला गेला तर पीव्हीसी असेल, पॉलिस्टर असेल किंवा पॉलिस्टायरीन. यांतलं पीव्हीसी तेवढं वाईट, त्यामुळे पुढची परीक्षा लागते.

तांब्याची तार. विजेच्या वायरीतली तार वापरत असाल तर तिच्यावरचं प्लास्टिक पूर्ण सोलून काढा, कारण ते आवरणच पीव्हीसीचं असतं आणि निकाल खोटा येतो. तार पकडीत धरून ज्योतीवर तापवा, हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत. लाल तापलेलं टोक तुकड्याला टेकवा, थोडं प्लास्टिक चिकटू द्या आणि परत ज्योतीत धरा. ज्योत लख्ख हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे अंगणात किंवा गच्चीवर करा आणि धूर नाकात घेऊ नका, तो आम्लाचा असतो.

डब्यांसाठी एवढा खटाटोप नको. तळाशी त्रिकोणात आकडा असतो: ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, १ म्हणजे पेट (PET), पॉलिस्टरचाच प्रकार. हे चारही चालतात. ३ असेल तर घेऊ नका.

चौथी पायरी: काय घ्यायचं

पहिल्या ढिगासाठी दोन बाय दोन इंचाचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. दोन घड्यांचं कार्ड, मधे गोल खिडकी आणि खिडकीवर पातळ पॉलिस्टरचा पडदा. नाण्याच्या दोन्ही बाजू दिसतात, पुठ्ठ्यावर माहिती लिहिता येते, आणि एका होल्डरची किंमत कॅप्सूलच्या किमतीच्या बऱ्याच खाली असते. हाताळलेल्या नाण्यांसाठी यापेक्षा किफायतशीर काही नाही, हे ठाम मत आहे.

होल्डर दोन प्रकारचे मिळतात, स्टेपलचे आणि आतून चिकट असलेले. नागपुरात स्टेपलचेच घ्या. चिकट होल्डरचा गोंद मे महिन्यात मऊ होतो, कडेने सरकतो आणि धूळ धरतो. क्वचित नाण्यापर्यंतही पोचतो.

खिडकीचं माप नाण्यापेक्षा दीड ते अडीच मिलिमीटर मोठं हवं. नेहमीच्या मापांचा अंदाज असा: २०११ च्या मालिकेतला एक रुपया २२ मिमी, त्याआधीचा १९९२ च्या मालिकेतला स्टीलचा रुपया २५ मिमी, २०१९ च्या मालिकेआधीचे पाच रुपये २३ मिमी, दहा आणि वीस रुपये २७ मिमी, २०११ आधीचे स्टीलचे पन्नास पैसे २२ मिमी, पंचवीस पैसे १९ मिमी, चांदीचा ब्रिटिश रुपया ३०.५ मिमी. बाजारात खिडक्या २०, २२.५, २५, २७.५, ३०, ३२.५ मिमी अशा येतात, म्हणून २५ मिमीच्या नाण्याला २७.५ ची खिडकी घ्यायची. चौकोनी पाच पैसे, षटकोनी वीस पैसे आणि अकरा बाजूंचे दोन रुपये हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा. ॲल्युमिनियमचे वीस पैसे २६ मिमी भरतात, ते हलके दिसतात म्हणून लहान खिडकी घेतली जाते आणि कोपरे पडदा फाडतात.

१९९२ नंतरचं क्युप्रोनिकेलचं ९ ग्रॅमचं जाड पाच रुपयांचं नाणं होल्डरला फुगवतं. त्याच्यासाठी पॉलिप्रॉपिलीनचा दोन कप्प्यांचा पाउच बरा, एका कप्प्यात नाणं आणि दुसऱ्यात चिठ्ठी. भोसलेकालीन तांब्याची जाड, ओबडधोबड नाणी असतील तर त्यांनाही हाच उपाय. गोल खिडकीत ती बसत नाहीत आणि जबरदस्तीने बसवू नयेत.

दुसऱ्या ढिगाला, म्हणजे डबल नाण्यांना, झिपलॉकच्या छोट्या पन्न्या पुरेशा आहेत. इतवारी-गांधीबागेच्या ठोक बाजारात पॅकिंगच्या मालाच्या दुकानांत त्या शेकड्याने मिळतात. त्या सहसा पॉलिथिनच्या असतात, तरी पाण्याची परीक्षा घ्याच. एका पन्नीत एकच मूल्य, एकच धातू, जास्तीत जास्त वीस नाणी. त्याहून जास्त भरली तर शिवण उसवते.

तिसऱ्या ढिगाला कडक प्लास्टिकच्या गोल कॅप्सूल, नेमक्या मापाच्या. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खडखडतं आणि कडा घासतात. आत फोमची कडी असेल तर काढून टाका, स्वस्त फोम उन्हाळ्यात विरघळल्यासारखा चिकट होतो.

काही गोष्टी कुठल्याच ढिगाला चालत नाहीत. रबर बँडमध्ये गंधक असतं, त्याने चांदीवर काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्र, खाकी पाकिटं आणि साधा खोका आम्लयुक्त असतात. सेलोटेप, फोटोचे चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन यांतून नाणं परत धड निघत नाही. फ्रेम करायला डिंकाने चिकटवलेलं नाणं संग्रहातून गेलंच म्हणून समजा.

पाचवी पायरी: होल्डर भरणं

कार्डावर लिहायचं ते नाणं घालायच्या आधी, शिसपेन्सिलीने लिहून घ्या. मूल्य, साल, टाकसाळ, धातू, कुठून मिळालं, किती पैसे दिले आणि तुमच्या वहीतला क्रमांक. जेल पेनची आणि स्केचपेनची शाई दमट हवेत पसरते.

कार्ड उघडं ठेवून नाणं खिडकीच्या मधोमध ठेवा, दुसरी घडी वरून आणा, अंगठ्याने चारही कडा दाबा. नंबर दहाच्या छोट्या स्टेपलरने तीन उघड्या बाजूंना एकेक पिन मारा, जड नाण्याला चार. पिन नाण्याच्या कडेपासून निदान तीन मिलिमीटर दूर हवी. मग पिनेची मागची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण टाळतात, पण टोकं तशीच राहिली तर शेजारच्या होल्डरचा पडदा फाडून त्याच्या नाण्यावर रेघ ओढतात. साठ होल्डर भरायचे असतील तर आधी सगळे स्टेपल करा आणि शेवटी एकत्र बसून सगळ्यांच्या पिना दाबा.

पुढे कधी नाणं बाहेर काढायचं झालं तर कार्ड ओढून उघडू नका, पिनेचं टोक नाण्यावरून घसरतं. कात्रीने एक कड कापा. होल्डर स्वस्त आहे.

सहावी पायरी: डबा

भरलेले होल्डर वीस कप्प्यांच्या पॉलिप्रॉपिलीन पानांत घालून रिंग फाइलमध्ये लावता येतात. दाखवायला ते छान, पण जागा आणि पैसा दोन्ही जास्त लागतो, आणि जड नाण्यांचं पान उभं ठेवलं की खालून फाटतं. सुरुवातीला डबाच बरा.

स्वयंपाकघरातला ५ क्रमांकाचा, झाकणाला रबरी कडी असलेला, क्लिपचा चौकोनी डबा घ्या. आतली रुंदी ५२ ते ५५ मिमी असेल तर होल्डर एका ओळीत उभे राहतात. दुप्पट रुंदी असेल तर मध्ये कडक प्लास्टिकची पट्टी घाला. होल्डर सपाट दाबलेला असेल तर जाडी साधारण ३ मिमी, म्हणजे २५ सेंटीमीटर लांबीच्या एका ओळीत ऐंशीच्या आसपास बसतात. ठासून भरू नका, बोट घालून एक उचलता आला पाहिजे.

आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम पुरतं, पावसाळ्यात १०० ग्रॅम घाला. रंग बदलणारं घ्या, आणि निळ्याऐवजी नारिंगी, कारण निळ्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे झाले की जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या कढईत मंद आचेवर ढवळत तापवा, रंग परत येईपर्यंत. ओव्हन असेल तर ११० अंशांवर दोन तास. बंद बरणीत थंड करून मगच डब्यात ठेवा. उन्हात वाळत घातलेलं जेल कोरडं होत नाही, मे महिन्यातल्या उन्हातही नाही. दाणे कापडी पिशवीत बांधा, नाण्यांना थेट लागू देऊ नका.

सुरुवातीच्या दोनशे नाण्यांसाठी खरेदी एवढीच होते: तीन-चार मापांचे मिळून साठ-सत्तर होल्डर, पंधरा-वीस झिपलॉक पन्न्या, पाच-सहा कॅप्सूल, दोन डबे, २०० ग्रॅम सिलिका जेल, स्टेपलर आणि पक्कड. यात अल्बम नाही हे लक्षात आलं असेलच.

सातवी पायरी: घरात कुठे

मधल्या खोलीतल्या लोखंडी आलमारीचा खालून दुसरा कप्पा उत्तम. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेली किंवा माळ्यावरची जागा नको. कूलरच्या झोताच्या समोर नको आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून तर अजिबात नको. सागवानी पेटी मोहात पाडते, विशेषतः आपल्याकडे सागवान घरोघरी असतं, पण लाकूड आणि प्लायवूड आम्लाची वाफ सोडतात. बंद पेटीत ती साचते. पेटी ठेवायचीच असेल तर आत हवाबंद डबा ठेवून वापरा. डांबरगोळ्या त्याच कप्प्यात ठेवू नका, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनच्या कॅप्सूल मऊ पडतात. कापूर आणि अगरबत्तीही दूर.

तपासणी आणि बिघाड

वर्षातून तीनदा डबा उघडा: कूलर लावायच्या आधी, पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीनंतर. पोळ्याची तपासणी चुकवू नका, तोपर्यंत दोन-अडीच महिने पाऊस झालेला असतो आणि जे बिघडायचं ते दिसू लागतं. दमट दिवशी डबा पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडा ठेवू नका.

स्टीलच्या नाण्यांवर तांबूस ठिपके दिसले तर ती डब्यातून काढून कोरडी करा आणि जेल बदला. होल्डरच्या पिनांना गंज दिसला तर डब्यात ओल शिरते आहे. झाकणाची कडी बदला, मग होल्डर.

हिरवा थर दिसला तर तो कसला हे पाहा. चिकट आणि सपाट पसरलेला असेल तर पीव्हीसीचा. शुद्ध ॲसिटोन रसायनांच्या दुकानातून आणा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब, नाणं दहा-पंधरा मिनिटं बुडवा, ताज्या ॲसिटोनमधून एकदा काढा आणि हवेत सुकू द्या. घासायचं नाही. जुना पाउच आणि शेजारचे पाउच सगळे टाकून द्या, कारण थर त्यांच्यातून आलेला असतो. ॲसिटोनच्या वाटीजवळ कॅप्सूल ठेवू नका, ती विरघळते.

पण हिरवा रंग फिकट, पुडीसारखा आणि टोकेरी ठिपक्यांत असेल, सुईने टोचल्यावर भुगा निघत असेल, तर तो तांब्यातल्या क्लोराइडचा रोग आहे. ॲसिटोनने तो जात नाही आणि हवेतली ओल मिळत राहिली की वाढतच जातो. ते नाणं लगेच वेगळ्या झिपलॉकमध्ये, भरपूर सिलिका जेलसोबत, वेगळ्या डब्यात ठेवा आणि बाकीच्या तांब्याच्या नाण्यांकडे महिन्याभराने पुन्हा पाहा.